कपाटाचं दार

केंद्राच्या पाटीवर भलंमोठं नाव होतं. ते वाचून होईपर्यंत समोरच्या थांब्यावरची बस निघून जायची. म्हणून सगळे त्याला नुसतं ‘केंद्र’ म्हणायचे आणि ते चालवणाऱ्या बाईला ‘ताई’. बाहेरच्या मुलखातून येऊन इथं राहिलेले लोक आणि याच गल्ल्यांत लहानाचे मोठे झालेले लोक, दोघांनी एका छपराखाली यावं, चार शब्द बोलावेत, हा केंद्राचा उद्देश. उद्देश भिंतीवर टांगायला बरे असतात. प्रत्यक्षात रोज सकाळची सुरुवात खिडकी उघडायची की लावायची, या भांडणानं व्हायची. इथल्या म्हाताऱ्यांना वारा हवा, बाहेरून आलेल्यांना ऊब हवी, आणि ताई मधोमध खिडकीची कडी धरून उभी.

ती उभी राहू शकायची, कारण तिला दोन्हीकडचं कळत होतं. वडील इथले, आई बाहेरची. केंद्रात येणाऱ्या परक्यांपैकी बरेचसे आईच्याच मुलखातले. त्यामुळे ताईची बोलणी पोचवण्याची नोकरी पगारपत्रकात नसली तरी दिवसभर तीच चालायची. आणि ती करायची तिची स्वतःची एक तऱ्हा होती. इथली एखादी आजीबाई फणकारून म्हणायची, “हिला सांग, पोरं आवर म्हणावं, नुसता उच्छाद मांडलाय.” ताई वळून त्या आईला सांगायची, “आजी म्हणतायत, मुलं फार चपळ आहेत हं तुमची.” ती आई खूश होऊन आजीबाईंना चहा आणून द्यायची, आजीबाई गोंधळून तो प्यायच्या, आणि भांडण जागच्या जागी मिटायचं. दोन्हीकडचं कडू ताईच्या घशात राहायचं आणि दोन्हीकडे जायचं ते गोड.

ही विद्या ती घरात शिकली होती. लहानपणी आजी आणि आई यांच्यामध्ये ती एकटीच होती जिला दोघींचं कळायचं. आजी म्हणायची, “तुझ्या आईला विचार, हिला भांडी घासायला कुणी शिकवलं नाही का?” आणि ही चिमुरडी आईला सांगायची, “आजी म्हणते, दमलीस, राहू दे भांडी.” आई बिचारी भांडी तशीच ठेवून पदराला हात पुसत हसायची, त्यानं आजी आणखी भडकायची. तरी घर मोडलं नाही. आजी गेली तेव्हा आई ऊर फुटून रडली. इतकी मायाळू सासू कुणाच्या नशिबी असते, असं येईल त्याला सांगत राहिली. ताईला तेव्हा मनातून स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

केंद्राच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली होती. सुतारकाकांची बायको हयात असताना तिथं वर्षानुवर्षं विणकामाचा वर्ग घ्यायची. काका म्हणजे याच पेठेतले जुने सुतार, आता थकलेले, पण केंद्रातल्या खुर्च्यांचे पाय, टेबलांचे कोपरे अजून तेच बघायचे. बायकोसाठी त्यांनी त्या खोलीत भिंतभर उंचीचं कपाट करून दिलं होतं. बाई गेली, वर्ग बंद पडला, आणि लोकरीचे गुंडे, सुया, अर्धवट विणलेलं एक बाळाचं टोपडं, सगळं त्या कपाटात तसंच राहिलं. काका मधूनमधून जायचे, दार उघडायचे, बघायचे, लावायचे. कुणी काही म्हणायचं नाही.

मग शिवणाचा वर्ग सुरू करायचं ठरलं. शिकवायला मावशी होत्या. नव्यानं आलेल्या, भरल्या अंगाच्या, गळ्यात सतत मोजायची टेप. इकडची भाषा औषधालाही येत नव्हती, पण कापडावर हात फिरवून त्याची जात सांगायच्या. त्यांना खोली हवी, कपाट हवं. ताईनं सांगितलं, “करा ते कपाट रिकामं.” काकांना आधी सांगायला हवं होतं, हे तिला ठाऊक होतं. उद्या सांगू म्हणून ते राहिलं. उद्यावर टाकण्यात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मावशींनी सगळं सामान एका खोक्यात नीट रचलं, वर स्वच्छ फडकं घातलं आणि खोकं दाराबाहेर ठेवलं. नेमके काका आले. त्यांनी खोकं पाहिलं, उघडं कपाट पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बघून ताई धावतच खोलीत शिरली.

काका ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, नुसत्या आवाजावरून मावशींना निम्मं कळलं असतं. ते हळू आवाजात, मावशींकडे बघत म्हणाले, “हिला सांग पोरी. मेलेल्या माणसाची वस्तू उचलून दारात टाकायची ही यांची रीत असेल. माणूस पुरायचा आणि पाठ फिरवून चालू लागायचं. म्हणूनच असे कुठूनही उठून कुठंही जाऊ शकतात हे लोक.”

 कपाट रिकामं करायला ताईनंच सांगितलं होतं. आणि मावशींचं तिला जे माहीत होतं, ते काकांना माहीत नव्हतं. इकडे येताना वाटेतच मावशींचा थोरला मुलगा गेला होता. रस्त्याच्या कडेला त्याला माती दिली आणि बाकीच्या लेकरांना घेऊन पुढं निघाल्या. ती जागा आता त्यांना दाखव म्हटलं तरी दाखवता आली नसती.

“काय म्हणतात?” मावशींनी विचारलं.

“म्हणतात, हे कपाट त्यांच्या बायकोचं आहे. जरा जपून वापरा.”

मावशींनी छातीवर हात ठेवला आणि काकांकडे बघून हसल्या. “त्यांना म्हणावं, मी रोज पुसत जाईन. आणि ते सामान फेकणार नाही हो, मधला एक कप्पा त्यांच्या बायकोचाच राहील.”

हे मात्र ताईनं शब्द न शब्द सांगितलं. त्यात गोड करण्यासारखं काही नव्हतं.

 काका निघून गेले. दुसऱ्या दिवशी ताईला गाठून म्हणाले, “काय बाई आहे ही. मी इतकं तोडून बोललो आणि ती म्हणते, रोज पुसेन. मला रात्रभर झोप नाही.”

आता सांगायचं, की काका, तुमचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. तेवढ्यानं काम झालं असतं. पण काकांच्या हातात हत्यारांची पिशवी होती. मावशींच्या मशीनचं टेबल डुगडुगतं, तेवढं बघून घेतो म्हणून ते आले होते. ताईनं विचार केला, चाललंय ते छान चाललंय, कशाला उकरायचं.

“मनानं मोठ्या आहेत त्या,” ती म्हणाली.

आणि खरंच छान चाललं. काकांनी टेबल नीट केलं, मग पाय ठेवायला पाट केला, मग कात्र्या टांगायला भिंतीवर फळी. मावशींनी काकांच्या सदऱ्याची विरलेली कॉलर उलटवून शिवून दिली. बोलायला दोघांकडे भाषा नव्हती. काका इकडचं बोलायचे, मावशी तिकडचं, आणि दोघं खुशाल एकमेकांना हो हो म्हणायचे. केंद्र बघायला कुणी पाहुणे आले की ताई त्यांना आधी त्या खोलीत न्यायची. बघा, म्हणायची. तिच्या चालण्यात तेव्हा जरा ऐट आली होती.

काका मात्र ते बोलणं विसरले नव्हते. मावशी जितकं चांगलं वागायच्या तितकं ते त्यांना टोचायचं, हे ताईला दिसत होतं. दिसत होतं आणि तिनं तिकडे काणाडोळा केला.

एक दिवस कपाटाचं दार उतरलं. जुनं लाकूड, बिजागरी सैल झालेली. काका बघायला आले तेव्हा मावशी दुकानात दोरा आणायला गेल्या होत्या. दाराच्या आतल्या बाजूला एका तरुण मुलाचा फोटो चिकटवलेला होता. “हा कोण?” काकांनी विचारलं. ताईनं सांगितलं. हेही खरं तेच सांगितलं, रस्त्याच्या कडेच्या मातीसकट. काका खाली पाटावर बसले. त्यांनीच केलेला पाट तो. पेचकस पिशवीत ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. दार तसंच लोंबत राहिलं.

“आणि मी तिला काय बोललो,” ते म्हणाले. उठून गेले.

त्याच आठवड्यात केंद्राचं वर्षाचं जेवण होतं. सगळ्यांनी आपापल्या घरून काही आणायचं आणि एकत्र बसायचं. पुढच्या सभागृहात ताटल्यांचा आवाज, मुलांचा दंगा, आणि अर्थातच खिडकीचं भांडण. काका स्वच्छ सदरा घालून आले, तोच, कॉलर उलटवलेला. ताईला बाजूला घेऊन म्हणाले, “चल माझ्याबरोबर. मला तिच्याशी बोलायचंय.”

मावशी मागच्या खोलीत एका मुलीचा झगा घाईनं उसवत बसल्या होत्या. काका त्यांच्यासमोर उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली.

“सांग तिला,” ते म्हणाले, “त्या दिवशी मी पाठ फिरवण्याचं बोललो. मला तिच्या मुलाचं ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं म्हणून चालत नाही, बोलायलाच नको होतं. तिनं ते पोटात घातलं आणि वर माझ्या बायकोचा कप्पा राखला. मला माफ कर म्हणावं. एवढं सांग.”

त्यांचे डोळे भरून आले होते. मावशींनी उसवणं थांबवलं आणि ताईकडे पाहिलं.

 ही माफी पोचवायची तर आधी ते बोलणं पोचवायला हवं. ते पोचवायचं तर, ते इतके महिने कुठं होतं, हे सांगायला हवं. मग मावशी तिच्या कुठल्या बोलण्यावर विश्वास ठेवतील? आणि बाहेर सगळे जेवायला खोळंबलेले. दोघं तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि लहानपणापासूनची सवय तिच्या आधी बोलून गेली.

“काका म्हणतात, दार दुरुस्त करायचं राहून गेलं, त्याचं त्यांना फार वाईट वाटतंय. नक्की करून देतील.”

मावशी खळखळून हसल्या. “एवढ्यासाठी डोळ्यांत पाणी? अहो, दार काय, होईल कधीतरी.” त्यांनी काकांच्या बाहीवरचा एक दोरा काढून टाकला आणि पुन्हा झग्यावर वाकल्या.

“काय म्हणाली?” काकांनी विचारलं.

“म्हणतात, झालं गेलं विसरून जा.”

“हसली ती.”

“बरं वाटलं म्हणून हसल्या.”

काकांनी मावशींच्या वाकलेल्या डोक्याकडे जरा वेळ पाहिलं. “बरं,” म्हणाले, आणि टोपी घातली. सभागृहातून जाताना त्यांना लोकांनी बस बस म्हटलं. ते बसले नाहीत.

त्यानंतर काका केंद्रात आले नाहीत. ताईनं फोन केला तर गुडघा दुखतोय म्हणाले. मावशी रोज लोंबत्या दाराकडे बघायच्या. आधी काळजीनं विचारायच्या, मग विचारेनाशा झाल्या. एकदा म्हणाल्या, “येतो म्हणून सांगितलं आणि आले नाहीत. मला वाटलं होतं, हा माणूस शब्दाचा पक्का आहे.” दाराला त्यांनी चिंधीची गाठ मारून ठेवली.

ताईनं मनाशी पक्कं केलं, आपण काकांकडे जायचं आणि सगळं सांगायचं. पुढच्या आठवड्यात. पण पुढच्या आठवड्यात छप्पर गळायला लागलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात तपासणीचे लोक आले. मग कळलं, काकांना त्यांची मुलगी तिच्या गावी घेऊन गेली. मग ते गाव लांब पडायला लागलं. माणसाला न जायला कारणं किती सापडतात, आणि सगळी खरी असतात.

मावशी एव्हाना केंद्रातल्याच भाषेच्या वर्गाला बसायला लागल्या होत्या. सगळ्यांत मागच्या बाकावर, पण एक दिवस चुकवत नव्हत्या. दुकानात जाऊन स्वतः दोऱ्याचा रंग सांगायला लागल्या. खिडकीच्या भांडणात त्यांनी एकदा स्वतःच्या तोंडानं सांगितलं, “अर्धी उघडी, अर्धी बंद,” आणि सगळे हसले.

अशात एका दुपारी काकांची मुलगी आली. हातात काकांची हत्यारांची पिशवी. तिला बघूनच ताईला कळलं, तरी ती मुलगी बोलेपर्यंत तिनं ते खरं मानलं नाही.

“बाबा गेले,” मुलगी म्हणाली. “हत्यारं केंद्राला द्या म्हणाले होते. आणि हे त्या शिवणाच्या मावशींना.”

कापडात गुंडाळलेली एक लाकडी चौकट होती. फोटो लावायची. कोपरे इतके बेमालूम जुळवलेले की सांधा हाताला लागत नव्हता. काकांनी फोटो एकदाच पाहिला होता, म्हणून माप जरा मोठं झालं होतं.

ताईनं मुलीला मागच्या खोलीत नेलं. मावशींनी चौकट हातात घेतली. उलटी करून पाहिली, सुलटी केली. काय झालं ते त्यांना पिशवी बघून समजलं होतं.

“बाबा म्हणायचे,” मुलगी ताईला सांगू लागली, “त्या बाईंनी मला माफ केलं नाही. हसून उडवून लावलं. तिचंही बरोबर आहे म्हणायचे, माझं बोलणंच तसं होतं. पण हे तिला दे. माफ कर म्हणून नव्हे. मुलाला जागा नाही ना कुठं, म्हणून.”

ताई मावशींकडे वळली. “या म्हणतात, काकांनी तुमची आठवण म्हणून...”

मावशींनी हात वर केला. “थांब. मी ‘माफ’ ऐकलं. ‘हसून’ ऐकलं.” मग त्या मुलीकडे वळल्या आणि तिच्या भाषेत, एकेक शब्द शोधत म्हणाल्या, “तू सांग. हळू. ही नको.”

मुलीनं ताईकडे पाहिलं. ताईनं मान डोलावली. मग मुलीनं सांगितलं. हळूहळू, सोपं करून, अडेल तिथं हातानं दाखवून. खोकं. पुरणं. पाठ फिरवणं. त्या शब्दाशी मावशींचा चेहरा असा झाला की मुलगी थांबली, पण मावशी म्हणाल्या, “पुढं.” मग टोपी काढणं आलं, माफी आली, हसणं आलं. जे ताईनं दोनदा गिळलं होतं ते सगळं त्या मोडक्यातोडक्या बोलण्यात नीट पोचलं.

मग मावशी आपल्या भाषेत ताईला म्हणाल्या, “त्या दिवशी ते हे बोलले. आणि तू मला दार सांगितलंस.”

“हो.”

“आणि मी हसले.”

“हो.”

“म्हणजे तो माणूस माझं हसणं घेऊन गेला.”

“तुम्हाला लागेल असं वाटलं मला,” ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच लहान पोरीचा वाटला.

“लागलंच असतं. मी भांडले असते. त्यांना सांगितलं असतं, की मी पाठ फिरवली नाही, अजून माझं तोंड तिकडंच आहे. मग त्यांना कळलं असतं. मग मलाही कळलं असतं, ते का चिडले.” मावशींनी चौकटीवरून अंगठा फिरवला. “इथं आल्यापासून मला कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. मी घरी पोरांना सांगायची, काय गोड माणसं आहेत इथली. कुणाला सांगत होते मी हे, लेकी? ही सगळी तूच होतीस?”

ताईला तिची आई आठवली. सासूच्या नावानं ऊर फोडून रडणारी. ती सासू कधी नव्हतीच. आई जिच्यासाठी रडली ती मायाळू सासू एका लहान मुलीनं बनवली होती, आणि खरी सासू आईशी एकदाही न बोलता गेली. आपण घर राखलं असं ताईला आजवर वाटत होतं. तिला आता एवढंच दिसत होतं की त्या दोघींना तिनं भेटूच दिलं नाही.

“मावशी, माझं चुकलं,” ती म्हणाली.

मावशींनी ते ऐकलं. हो म्हणाल्या नाहीत, असू दे म्हणाल्या नाहीत. त्यांनी मुलीला पाटावर बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

“तुझे बाबा,” त्या मुलीच्या भाषेत सुरू झाल्या, “चांगले. मी हसले. मी... मला...” शब्द सापडेना. हात हवेत राहिला. शेवटी त्यांनी मान वळवून ताईला आपल्या भाषेत विचारलं, “‘मला कुणी सांगितलं नव्हतं’ हे यांच्यात कसं म्हणतात?”

ताईनं सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे न करता.

मावशींनी ते ओठांत दोनदा म्हणून पाहिलं. मग ताईकडे पाठ करून त्यांनी ते काकांच्या मुलीला सांगितलं.